चांदीचं पाणी आणि दाजींचं पोट

आमच्या घरात विज्ञान मी आणलं.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात वाळूजजवळच्या आमच्या नव्या कॉलनीत आठवड्यातून एकदा टँकर यायचा, आणि त्यात पाण्यापेक्षा गाळच जास्त! मोबाईलवर मी पाहिलं, चांदीच्या पाण्यानं म्हणे माणूस ठणठणीत राहतो. झालं! बायकोचे पैंजण दोन तारांना बांधून पाण्यात सोडले, बॅटरी जोडली, आणि बाटलीभर 'कोलॉइडल सिल्व्हर' तयार. (हे नाव मी गल्लीत रोज चार जणांना तरी ऐकवायचो.) पंधरा दिवस मी एकटाच ते मोठ्या अभिमानानं पीत होतो. दुसरं कुणी हातच लावेना!

अशात वैजापूरहून माझ्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, एसटीनं आले. आले ते थेट संडासात.

"सकाळपासून सात येळा झालं," बाहेर येऊन ते भिंतीला टेकले. "पायात जीव नाय राह्यला."

"आधी ओआरएसची पुडी पाजा," बायको म्हणाली.

माझं डोकं लख्ख पेटलं. "अगं, पुडी चांदीच्याच पाण्यात कालवू! ओआरएस आतड्यात शोषलं जातं, त्याच्यासंगं चांदीबी आत जाईल. डबल असर!"

मी पुडी ओतली. नितळ पाणी बघता बघता दुधट झालं!

"ह्ये ताक हाय का?" दाजींनी क्षीण आवाजात विचारलं.

"असर दिसायला लागला, दाजी!"

दारात आलेल्या शेजारच्या सलमाआपा म्हणाल्या, "भाई, ये तो चुने का पानी दिखरा!"

दाजींनी ग्लास ओठांना लावला, तेवढ्यात माझी बारावीतली लेक रूपाली क्लासहून आली आणि तिनं तो हिसकावलाच.

"पप्पा! पुडीत मीठ असतं. त्यातलं क्लोराईड चांदीला धरतं, म्हणून हे पांढरं झालं. चांदी शोषली जायची सोडा, गाळ होऊन खाली बसेल!"

"मंग नुसतं चांदीचं देतो की!"

"त्याचा काही उपयोग नाय. उलट लई दिवस पिलं तर कातडी निळी-करडी पडते. कायमची!"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. आपांनी मला खिडकीपाशी नेऊन न्याहाळलं. "थोडा नीला तो लगरा..."

मी आरशाकडे धावलो!

इकडे रूपालीनं उकळून गार केलेल्या पाण्यात नवी पुडी कालवली, दाजींना घोट घोट पाजत रिक्षानं दवाखान्यात नेलं. मागून आम्ही नवरा-बायको. संध्याकाळपर्यंत दाजी उठून बसले आणि खिचडी मागू लागले.

"वेळेवर बरोबर केलं हिनं," डॉक्टर म्हणाले. "कुणाची मुलगी?"

"माझी!" मी इतक्या जोरात ओरडलो की कंपाउंडर दचकला. छाती फुगून शर्टाची बटणं तुटायचीच बाकी होती.

"वा! मग केमिस्ट्री तुम्हीच शिकवली असेल?"

मी तोंड उघडणार, तोच बायको पुढं झाली.

"नाय हो डॉक्टर. हे तुमचे दुसरे पेशंट."