चांद्या आणि मोऱ्या

माझ्या बायकोच्या मोठ्या काकांइतका स्वतःच्या पायांशी अदबीने वागणारा माणूस पोलादपूर तालुक्यातच काय, साऱ्या पृथ्वीवर झाला नसेल. कापडे गावातल्या घरची बैलजोडी विकल्यावर बैलांची नावं वाया कशाला घालवायची, म्हणून काकांनी ती आपल्या पायांना दिली. डावा चांद्या, उजवा मोऱ्या. महाडला आमच्याकडे आले की आधी दोघांना कोमट पाणी, मग काकांना चहा. जिन्यातून "हां चांद्या, आता तू!" असा पुकारा वर येई. शेजाऱ्यांना मी काय काय सांगून वेळ मारून नेलीय, ते माझं मला माहीत. एकदा माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "जावईबापू, तुमच्या बैलांची दया येते. गाडीत माल लय भरलाय."

अशा माणसाचा चांद्याच दुखू लागला. बिडीने नसा आखडल्या, अंगठा काळा पडला. "बिडी सोडा," असं डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आणि काका धूर सोडत ऐकत. आता अंगठा काढून भागेल की गुडघ्याखाली पायच कापावा लागेल, हे ठरवण्यासाठी पायाच्या कातडीपर्यंत प्राणवायू किती पोचतो ते मोजायचं होतं. त्याचं यंत्र घेऊन मुंबईचे एक डॉक्टर महाडच्या दवाखान्यात आले होते. त्यांनी एक गरम चकती चांद्यावर चिकटवली, दुसरी तुलनेसाठी छातीवर, आणि बजावलं, "हलायचं नाही, बोलायचं नाही."

"मोऱ्याला पण लावा," काका लगेच बोलले. "एकाला चारा नि दुसऱ्याला नाय, तर तो रुसंल."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मोऱ्यालाही चकती लागली. बऱ्याच वेळाने आकडे स्थिरावले.

"छातीवर भरपूर आहे," डॉक्टर म्हणाले. "डाव्या पायापर्यंत फारच कमी येतोय."

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे मालक जेवला नि बैल उपाशी?"

मी हसलो. बायकोने चिमटा काढला तेव्हा मला काकांचे डोळे दिसले. या माणसाने जन्मात कधी बैलांच्या आधी घास घेतला नव्हता.

मग पायावरचा आकडा वाढतो का ते बघायला तोंडावर मास्क लावून प्राणवायू दिला. काका चांद्यावरची नजर काढेनात. आकडा रेंगाळला, मग हळूहळू चढू लागला. डॉक्टर म्हणाले, "अंगठ्यावर भागेल. जखम भरेल. पण बिडी..."

पुढचं बोलावंच लागलं नाही. काकांनी खिशातलं बंडल पुतणीच्या हातात ठेवलं. "टाक गो. बैलांचा चारा जाळत होतो मी, नि कुणी सांगितलंच नाय!"

अंगठ्याविना चांद्या पुढे कितीतरी वर्षं चालला, जरा फेंगडा, पण मोऱ्याच्या बरोबरीने. आता काका नाहीत. जिना गप्प असतो. पण मी बाहेरून आलो की बायको चहाआधी कोमट पाण्याची बादली पुढे सरकवते. आणि कुणी बघत नाही ना याची खात्री करून मी आधी डावा पाय बुडवतो.