भंगारात न गेलेलं मशीन

“आता सोड ना हे” असं कुणी म्हटलं, की रेवतीच्या मस्तकात तिडीक जायची. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना मुलींना वर्कशॉप झेपत नाही म्हणणाऱ्या सरांच्या नाकावर टिच्चून ती लेथवर उभी राहिली होती. आयर्लंडमधल्या कॉर्कला आल्यावर तिने औषधांच्या कंपनीत पॅकिंग मशीनचे प्रोग्रॅम लिहिले. पुढे कंपनीने तो विभागच गुंडाळला, तेव्हा इथल्या मराठी मंडळींनी तिच्या फोनवर नोकऱ्यांच्या लिंकांचा मारा केला. रेवतीने सगळ्यांना थँक्यू म्हटलं आणि गावाबाहेरच्या एका सुताराच्या वर्कशॉपात कामाला लागली. मंडळात कुजबुज झाली. एका बाईंनी तर तिच्या नवऱ्याला, ज्ञानेशला, बाजूला घेऊन विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना. घरी सगळं ठीक होतं. रेवतीला लाकूड आवडतं, एवढंच झालं होतं.

सुताराचं नाव डेक्लन. साठी उलटलेला, गुडघ्यांनी जेरीला आलेला आणि बोलायला अत्यंत काटकसरी. त्याच्याकडे एक सीएनसी राउटर धूळ खात पडला होता. पलंगाएवढं टेबल, त्यावरून पुढे-मागे सरकणारा लोखंडी पूल आणि पुलाला लटकलेलं, गरगर फिरत लाकूड कोरणारं पातं. कंट्रोलर जळल्यापासून ते मशीन बंद होतं. ज्यांनी विकलं त्यांचा माणूस येऊन सांगून गेला होता, की या मॉडेलचे पार्ट आता मिळत नाहीत, भंगारात काढा आणि नवीन घ्या. लोखंड ठणठणीत आहे आणि डोकं गेलंय म्हणून कुणी माणूस भंगारात काढतं का, असं रेवतीचं म्हणणं. तशी काढायची पद्धत असती तर आपल्यातले निम्मे लोक शिल्लक राहिले नसते.

तिने मशीनला नवीन डोकं दिलं. जुना कंट्रोलर काढून नवा बसवला, वायरिंग मुळापासून नव्याने केलं, जाड लाकूड मावावं म्हणून पूल उचलून घेतला. जुन्या मोटरींच्या जागी, आपण सांगितलं तेवढं खरंच सरकलो का हे स्वतःच तपासणाऱ्या मोटरी लावल्या. जुन्या मोटरी वाटेत अडखळल्या तरी काही न बोलता पुढे रेटायच्या आणि सगळं नक्षीकाम बोटभर सरकायचं. नव्या मोटरी जरा अडखळल्या तरी जागच्या जागी थांबतात आणि अलार्म देतात.

हे सगळं चाललं होतं ते गावच्या हॉलसाठी. हॉलच्या कमिटीला भिंतीवर ओकच्या लाकडाचे कोरीव पॅनल हवे होते. गुरुवारी कमिटीच्या ब्रीद नावाच्या बाई येऊन नमुना बघणार होत्या. नमुना पसंत पडला तर वर्कशॉप चालणार, नाही तर डेक्लन ती जागा मागणाऱ्या एका जिमवाल्याला देऊन मोकळा होणार. तसं त्याने रेवतीला तोंडावर सांगितलं होतं. शनिवारी मशीनने पाइनच्या फळीवर अख्खा पॅनल सुबक कोरून दाखवला, तेव्हा डेक्लन “ग्रँड” म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

रविवारी दसरा होता. सांगलीहून आलेल्या तिच्या सासूबाई, स्नेहलताबाई, हट्टाने वर्कशॉपात आल्या. “पोटाला देणारं यंत्र हाय, त्याची पूजा नको व्हय?” असं म्हणत त्यांनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, पुलाला झेंडूचा हार घातला आणि मूठमूठ अक्षता उधळल्या. रेवतीने हात जोडले. तिला मनापासून बरं वाटलं.

सोमवारी मशीन थांबलं. पॅनलच्या मध्यावर पूल आला की अलार्म. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अलार्म. रेवतीने वायरी हलवून पाहिल्या, सेटिंग बदललं, वेग निम्म्यावर आणला. पूल त्या जागेपुढे सरकेना. मंगळवारी डेक्लनने विकणाऱ्या कंपनीच्या त्याच माणसाला बोलावलं. तो खिशातून हातही न काढता म्हणाला, घरगुती बदल केले की असंच होणार, टेम्पो पाठवतो, घेऊन जातो.

“टेम्पो पाठवायचा तर रिकामाच परत न्यायची तयारी ठेवा,” रेवती म्हणाली.

तो गेल्यावर डेक्लन हळूच म्हणाला, “रेव, जुनं जळेपर्यंत निदान चालायचं तरी. गुरुवारी जिमवाला माप घ्यायला येतोय. मी त्याला हो म्हटलंय.”

घरी ज्ञानेशने तेच जरा मऊ शब्दांत सांगितलं. “तू जीव तोडून केलंस. पण आता सोडलंस तरी कोणी काही म्हणणार नाही.”

“मी म्हणेन ना,” ती म्हणाली. त्या रात्री ती खरंच घाबरली होती. आपल्याला काहीच येत नाही आणि हे सगळ्यांना आपल्या आधीच कळलं होतं, असं तिला वाटून गेलं.

बुधवारी सकाळी तिने लॅपटॉप उघडलाच नाही. मशीनची वीज बंद केली, पुलाला खांदा लावला आणि तो ढकलत नेला. मध्यावर आल्यावर खांद्याला बारीकसा धक्का जाणवला. टेबलाच्या कडेला लोखंडाची दातेरी पट्टी असते, तिच्यावरून मोटरचं चाक धावतं. रेवतीने त्या दातांत बोट घातलं. बोटावर ग्रीस आलं, आणि ग्रीसमध्ये चिरडलेले, कुंकवाने लाल झालेले तांदूळ. नवी मोटर तीन दिवस खरं तेच सांगत होती आणि रेवती तिलाच नावं ठेवत होती.

जरा वेळ ती तशीच उकिडवी बसून हसली. मग ब्रश घेऊन तिने दातन्‌दात साफ केला.

“काय होतं?” डेक्लनने विचारलं. बेअरिंग सैल होतं असं सांगून मोकळं होता आलं असतं. त्याने विश्वास ठेवला असता.

“तांदूळ,” ती म्हणाली. “रविवारी पूजा केली, त्याचे.”

डेक्लनने तिच्याकडे पाहिलं, मग मशीनवर उमटलेल्या कुंकवाच्या लाल बोटांकडे. “उद्या ब्रीद यायच्या आत ते पुसून घेशील? उगाच प्रश्न नकोत.”

“नाही पुसणार. चूक तांदळाची नाही, जागेची आहे. मी सगळ्याला जागा केली, पूजेला केली नाही.”

दुरुस्त झाल्यावर त्या मशीनवर पहिलं काय कापलं असेल, तर ओकच्या तुकड्यातलं एक पसरट ताट, उंच काठाचं. ते तिने पुलाच्या माथ्यावर स्क्रूने घट्ट बसवलं. संध्याकाळी स्नेहलताबाईंना सगळं कळलं आणि त्यांचा चेहरा पडला. “माझ्यामुळं की गं,” त्या पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या. रेवतीने त्यांना फोनवर ताटाचा फोटो दाखवला. “पुढच्या वर्षी अक्षता यात टाकायच्या, आई. पण टाकायच्या.”

गुरुवारी ब्रीदबाई आल्या तेव्हा जिमवाला आधीच हजर होता. डेक्लनने त्याच्या टेपचं टोक भिंतीला धरलं होतं आणि तो दुसरं टोक घेऊन मशीनपर्यंत आला होता. “हे धूड कधी हलतंय इथून?” त्याने विचारलं.

रेवतीने ओकची फळी टेबलावर आवळली. “तुमचा पाय केबलवर आहे. तेवढा काढा,” ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

पूल निघाला. ओकचा भुसा उडाला, पानं उमटली, वेल उमटली. मध्य जवळ आला तसा रेवतीचा हात आपोआप मशीन थांबवायच्या लाल बटणावर गेला. पूल मध्यावर आला आणि तसाच पुढे गेला. ब्रीदबाई वाकून ताज्या कोरलेल्या पानावर बोट फिरवत होत्या. तेवढ्यात भिंतीपाशी डेक्लनने टेपचं टोक सोडून दिलं आणि टेप सर्रकन जिमवाल्याच्या हातात जाऊन आदळला.