पाचाचं गाणं

तोकिए नागुमोबाईंनी जन्मभर पोरांसाठी गाणी केली, चिमुकल्या बोटांना झेपतील असे पियानोचे धडे लिहिले. ती पुस्तकं आता कुणी छापत नाही. नव्या शिक्षिकांना जुनाट वाटतात म्हणे, वाटोत बापड्यांना! उरलं होतं एकच गाणं. नदीकाठच्या त्या गावात रोज संध्याकाळी पाचाला नगरपालिकेच्या भोंग्यांवर त्याची चाल वाजायची आणि पोरं खेळ टाकून घरी पळायची. खरं सांगायचं तर बाई तेवढ्यावरच जगत होत्या.

उन्हाळ्यात शेजारच्या शिगेकोचा लहानगा मुलगा योहेई पुरात वाहून गेला. सापडलासुद्धा नाही.

पानगळ सुरू झाली तशी शिगेको दारात आली. "बाई, ते गाणं बंद करायला सांगा हो. वाजलं की माझे पाय आपोआप दाराकडे धावतात."

"अगं, ते सगळ्या गावाचं आहे. माझ्या हातात काय आहे?"

होतं की! बाईंच्या एका शब्दाचं काम होतं, पण जीव होईना. रोज पाचाला शेजारचं दार घाईनं सरकल्याचा आवाज यायचा आणि बाईंच्या हातातला चहा तसाच राहायचा. शेवटी स्वतःचीच लाज वाटून त्या नगरपालिकेत गेल्या.

तिथला कारकून हसला. "तुमचंच गाणं तुम्हीच बंद करताय? म्हातारपणी हे काय खूळ, बाई?"

"खूळच समज. पण उद्यापासून नको."

दुसऱ्या दिवशी पाच वाजून गेले. भोंगे गप्प. मैदानात पोरं अंधारातही ओरडत होती. बाई चुलीपुढे बसून राहिल्या. गावातून आपणच पुसले गेलो असं त्यांना वाटलं. तेवढ्यात दार धाडकन सरकलं. शिगेको अनवाणी धावत आली होती.

"गाणं का नाही वाजलं?"

"तूच म्हणालीस ना गं..."

"म्हणाले असेन! माझं डोकं ठिकाणावर आहे का? अंधार पडला, बाई. घरी यायची वेळ झाली हे त्याला कळणार कसं?"

योहेई गेला गं, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्या उठल्या. त्यांनी खिडक्या सताड उघडल्या आणि पियानोशी बसल्या. सांधे धरलेल्या बोटांनी अडखळत, चुकत चाल वाजवली. शिगेको रस्त्याकडे तोंड करून उभी होती. चाल संपली. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"जरा जोरात, बाई," ती मागे न वळता म्हणाली. "नदी लांब आहे."

बाईंना रडू आवरेना, तरी त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.