आबांचं नाव कमी करायचं राहिलंय

एकही चूक नसलेली कादंबरी अख्ख्या खानदेशात एकाच माणसाकडे आहे, आणि चूक नाही ती एवढ्याचसाठी की तिची अजून एक ओळही लिहून झालेली नाही. हा माणूस म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, धुळ्याच्या देवपुरातले आमचे काका. त्यांची उभी नोकरी रेशनकार्डांच्या टेबलावर गेली. निवृत्तीनंतर कादंबरी लिहायची ठरली, तेव्हा पात्रांची वयं-नाती पुढेमागे होऊ नयेत म्हणून त्यांनी प्रत्येक कुटुंबाचं रेशनकार्डच तयार केलं. नायिकेचे डोळे कसे आहेत, असं मी एकदा विचारलं. "कार्डात तो रकाना नसतो," काका म्हणाले आणि विषय मिटला.

नायिका बोदवडची, नायक पहूरचा. लग्न थाटात लागलं. बोदवडच्या कार्डातून मुलीचं नाव कमी झालं, पण पहूरच्या कार्डात चढेना, कारण अर्जावर कुटुंबप्रमुखाची सही हवी. कुटुंबप्रमुख म्हणजे नायकाचे वडील, आबा. आणि कादंबरीचं पहिलंच वाक्य ठरलेलं: 'आबा गेले.' म्हणजे आधी आबांचं नाव कमी करा, मग मुलाला प्रमुख करा, मग सुनेचं बघा. "मग तुम्हीच ठोका ना आबांची सही," मी म्हणालो. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा अर्धा टाकून उठलो. "तिनं नाव चढेल नही, मंग तिले जेवाडू कसं?" हा त्यांचा सवाल. "चार वर्षं झाली, नवी नवरी उपाशी बसलीय," असं मावशी आल्यागेल्याला सांगते.

यंदा काकांना अठ्ठ्याहत्तरावं लागलं. मला राहवलं नाही, जरा चिडूनच बोललो, "काका, एक वाक्य लिहायचंय. असंच चाललं तर कादंबरी राहूनच जाईल."

काकांनी पहूरचं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात त्यांच्या स्वतःच्या वडिलांचं नाव होतं.

"खरा आबानं नाव मीच कमी करं व्हतं," ते म्हणाले. "मन्हाच टेबलवर. लाल शाईनी रेघ मारी आन् पुढला माणूसले हाक मारी. आते परत हात चालत नही रे."

मला फार लाज वाटली. तेव्हापासून मी कादंबरी कुठवर आली, असं विचारत नाही. फोन केला की विचारतो, "आबा कसे आहेत?"

"मजामा शेतस," काका म्हणतात.