कपाळाला बोट लावू नका

आठवी अर्ध्यावर सोडलेल्या पोरीला चेहऱ्याच्या दवाखान्यात काम मिळालं, असं भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात कुणाला सांगितलं असतं तर त्यांनी मलाच दवाखान्यात नेलं असतं. भाऊ वाळूजच्या कंपनीत लागला, त्याच्या मागं मी संभाजीनगरला आले आणि सिडकोतल्या त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी मला ठेवून घेतलं. त्यांनी कागद मागितला नाही. माझे हात हातात घेऊन बघितले आणि म्हणाल्या, गार आहेत, चालतील. इतक्या कमी भांडवलावर मला कुणी कधी काही दिलं नव्हतं.

चेहरे पुसायचे, बधिर करायची क्रीम लावायची, मॅडमनी सुई टोचली की बर्फ धरायचा, हे माझं काम. मला ते इतकं आवडायचं की भीतीच वाटायची. रोज सकाळी दार उघडताना वाटायचं, आज मॅडमच्या लक्षात येणार की ही बाई आठवी नापाससुद्धा नाही, त्याच्या आधीच पळालेली आहे.

सगळ्यात जोखमीचं काम म्हणजे बोटॉक्स झाल्यावर नियम सांगणं. चार तास आडवं व्हायचं नाही. खाली वाकायचं नाही. शेक घ्यायचा नाही. आणि टोचलेल्या जागी चोळायचं नाही, दाबायचं नाही, नाहीतर औषध सरकतं, पापणी खाली उतरते आणि कित्येक आठवडे माणूस एक डोळा अर्धा मिटून हिंडतो. हे सांगितल्याशिवाय पेशंटला खुर्चीवरून उठू द्यायचं नाही, अशी मॅडमची सक्त ताकीद होती. मी कधी चुकले नव्हते. त्या जानेवारीत चुकले.

पडेगावच्या एक काकू आल्या होत्या. साठीच्या, अंगानं दणकट, माहेर पाचोडचं. दोन भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या, नांगर फिरवल्यासारख्या. त्या म्हणाल्या, "मी रागावलेली नसते गं. पण नवी सून आलीय घरात. मी नुसतं भाजीत मीठ बघते, तर ती पोरगी रडकुंडीला येऊन विचारते, आई काय चुकलं? तिला मपल्या तोंडाचं भ्या वाटतं." घरी कुणालाच सांगायचं नव्हतं. दुपारी चारला घरी संक्रांतीचं हळदी-कुंकू होतं, तर वाण आणायला बाजारात जाते असं सांगून त्या निघाल्या होत्या. पिशवीत खरोखरच चहाच्या गाळण्या होत्या, ढीगभर.

मॅडमनी बरोबर दोन भुवयांच्या मध्ये टोचलं आणि त्या लेसरच्या खोलीत गेल्या. मी बर्फ धरला. आणि काकूंनी विचारलं, तू कुठली गं?

हे मला कितीतरी महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. मी सुटलेच. आमची बोडी, म्हणजे शेताजवळचं तळं, तिच्यातले मासे, धानाची रोवणी, आईचा झुणका. मी 'काहून' म्हटलं की काकू पोट धरून हसायच्या आणि पुन्हा म्हणायला लावायच्या. हसता हसता त्या उठल्या, माझ्या गालावरून हात फिरवला आणि गाळण्यांची पिशवी घेऊन गेल्या. मी काचेतून हात हलवत राहिले.

पुढची पेशंट बाई तासाभरानं आली, ती दोन घरची हळदी-कुंकवं करूनच. तिचं कपाळ पुसायला घेतलं तर कुंकू निघेना. मी म्हटलं, किती घट्ट बसलंय. ती म्हणाली, अगं, एकेक बाई बोट दाबून लावते, आणि जिच्या घरी आहे तिला तर सगळ्याच उलटून लावतात.

आम्ही विहारात जाणारी माणसं, आमच्या घरात हळदी-कुंकू नाही. ते उलटून लावायचं मला माहीतच नव्हतं. आणि काकूंना तर मी एकही नियम सांगितला नव्हता. काकूंच्या घरी आज वस्तीतल्या सगळ्या बाया येणार, आणि त्यातली प्रत्येक जण मॅडमनी टोचलं बरोबर त्याच जागी बोट दाबणार.

फोन लावला तर त्यांच्या मुलानं उचलला. मी घाबरून ठेवून दिला. मॅडम आत, दार बंद, लाल दिवा चालू. मी फॉर्मवरचा पत्ता तळहातावर लिहिला, बाहेर नावं लिहून घेणाऱ्या मुलीला सांगितलं आलेच, आणि रिक्षात बसले. एका बाईची पापणी पडायच्या आत पडेगावला पोचायचंय, असं मी रिक्षावाल्या भाईंना खरं खरं सांगून टाकलं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. "घबराव नक्को दीदी," म्हणाले, आणि छावणीपर्यंत मी देवाचं नाही, ब्रेकचं नाव घेत होते.

पोचले तेव्हा दारात चपलांचा खच. आत काकू मधोमध उभ्या, आणि एक भरभक्कम बाई हळदीत बोट बुडवून त्यांच्या कपाळाकडं निघालेली. मी अंगणातूनच ओरडले, हात लावू नका.

पन्नास डोळे माझ्याकडं वळले. दवाखान्याचा गुलाबी कोट अंगात होता. काकूंचा चेहरा पांढरा पडला. खरं बोलायची सोय नव्हती, तेव्हा जे तोंडाला आलं ते बोलले: काकूंची मान बाजारात लचकली, आमच्या दवाखान्यात दाखवली, मान हलवायची नाही असं सांगितलंय.

ती भरभक्कम बाई म्हणजे काकूंची थोरली जाऊ. तिनं बोट तसंच हवेत धरून विचारलं, "मान लचकली तर कपाळाला काय झालं?"

मी म्हटलं, "नस एकच असते."

तिनं जरा विचार केला आणि तिला ते पटलं. हुकूम सुटला की कुंकू मंगळसूत्राला लावायचं, कपाळाला नाय. मी श्वास सोडणार तोच माया सुरू झाली. जाऊबाई म्हणाल्या, जरा आडवी हो. मी म्हटलं, नाही. एक आजी तिळाचं तेल कोमट करून आल्या, मानेपासून कपाळापर्यंत चोळून देते म्हणून. मी मध्ये उभी राहिले. कुणीतरी तव्यावर फडकं गरम करायला पळालं. दवाखान्यात जे जे करू नका म्हणून आम्ही सांगतो ते ते सगळं त्या बायांना प्रेमानं करायचं होतं. मग चुलत सासूबाई आल्या. त्यांच्या पाया पडणं भाग होतं आणि वाकायचं तर नव्हतं. मी कानात सांगितलं तशा काकू पाठ ताठ, नजर समोर, बैठका मारल्यासारख्या सरळ खाली गेल्या, चाचपत पाय शोधले, त्यांना जाऊबाईंचे सापडले, त्यांनाच नमस्कार करून सरळ वर आल्या. मला हसू दाबता येईना. काकूंनाही येईना. त्यांचे खांदे हलायला लागले तसं सगळ्या म्हणाल्या, बघा, लई दुखतंय बिचारीला.

सहा वाजता चार तास भरले, तोवर मी काकूंच्या खुर्चीमागून हलले नाही. सून माझ्या हातात तिळगूळ देत हळूच म्हणाली, "ताई, आईंना खरंच जास्त नाही ना झालं?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

परत येऊन मी मॅडमना सगळं सांगितलं. मी पोचायच्या आधी दोघीतिघींनी बोट लावलंच होतं, तेही सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, पंधरा दिवसांनी त्या तपासायला येतील तेव्हा कळेल, पापणी उतरली तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल. तोवर मी आतल्या खोलीत यायचं नव्हतं. पंधरा दिवस मी टॉवेल धुतले. रोज आरशात एक डोळा अर्धा मिटून बघायची, काकू कशा दिसत असतील म्हणून.

त्या आल्या त्या सुनेला घेऊनच. दोघींचं काय बोलणं झालं कोण जाणे, पण सून हसत होती. मला दारापाशी उभं राहू दिलं. मॅडमनी काकूंना दिव्याखाली बसवलं आणि म्हणाल्या, रागवून दाखवा.

काकूंनी जोर लावला. नाक फुगलं, कान हलले, कपाळ तसंच, ताटासारखं सपाट. पुन्हा जोर लावला. सून म्हणाली, "आता आई खरंच रागावल्या तरी मला कळणार नाही." काकू म्हणाल्या, "मग तोंडानं सांगत जाईन तुला, रागावले म्हणून." आणि तिघी हसल्या, मॅडमसुद्धा.

मी हसले नाही. मॅडम मोजपट्टी घेऊन आधी एक पापणी बघत होत्या, मग दुसरी, मग परत पहिली.

"दोन्ही सारख्या आहेत," त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडं न बघता, "उभी काय राहिलीस? हात धू, पुढच्या पेशंटला आत घे."

मी बाहेर जाऊन पुढचं नाव इतक्या मोठ्यानं पुकारलं की बाकावरच्या सगळ्याच बाया उठून उभ्या राहिल्या.