चिंधीवरचे आकडे

लिंबायतच्या साडी-प्रिंट कारखान्यात माझ्याहून बराच लहान असा एक पोरगा आणि मी संगणकावर नक्षी काढायचो. आकारातून तोच आकार फुटत जाणारी त्याची नक्षी संगणकात भरलेल्या आकड्यांवर चाले. डोळे चोळत तो सांगे, "काका, आधी लहान काढून बघा, रंग शेवटी. आकडे लिहून ठेवा, नाहीतर नक्षीतली ती जागा परत सापडत नाही." स्वतः ते कापडाच्या चिंधीवर लिही.

शेठ दोघांतला एकच ठेवणार होते. त्याची नक्षी मी माझी म्हणून दाखवली. शेठ म्हणाले, "मास्तर, हीच काठासाठी काढा." आकडे मला ठाऊक नव्हते. मी मान खाली घालून जागेवर आलो. सगळं ऐकलेल्या त्या पोराने आकड्यांची चिंधी माझ्यापुढे सरकवली आणि अहिराणीत म्हणाला, "ल्या काका, शेठ वाट देखी ऱ्हायना."

शेठनी मला ठेवलं. नक्षी त्या पोराची होती.