न पडणारं माप

आमची सून लग्न होऊन आली तेव्हा पंचवीस मिनिटं दाराबाहेर उभी होती. कारण मानपान नव्हे, रुसवा नव्हे, मुहूर्तही नव्हे. कारण मी.

सांगलीच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर वर्ग सुटला, पण शिकवायची खोड सुटली नाही (आता सगळा तास बायकोला, म्हणजे मंगलला, ऐकावा लागतो). आमच्या अमितचं लग्न ठरलं. मुलगी साताऱ्याची, प्राजक्ता. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मंगलनं गृहप्रवेशासाठी बाजारातून माप आणलं. गुलाबी रंग, टिकल्या, मोत्यांची झालर. उचलून बघितलं तर वहीच्या पुठ्ठ्याइतकं हलकं!

"हे माप? अगं, कुणी शिंकलं तरी पडेल!"

"पाडायलाच असतं ते," मंगल म्हणाली.

शहाण्या नवऱ्यानं तिथंच गप्प बसावं. मी आष्ट्याची एसटी पकडली.

आष्ट्यात दस्तगीरचाचांचं लोहाराचं दुकान आहे. ऊसतोडीचे कोयते, पहारी, कुऱ्हाडी असली कामं त्यांच्याकडं रोजची. धान्य मोजायचं लोखंडी माप हातानं घडवणारा माणूस मात्र मला त्या भागात तेवढा एकच माहीत. मी त्यांच्यापुढं आलेखाच्या कागदावरची आकृती पसरली. बुडाला जाड पट्टी, खाली रुंद, वर निमुळतं.

"एक शेराचं माप हवंय चाचा. पण या आकृतीबरहुकूम."

चाचांनी कागद लांब धरला. "सर, शेर सरळ आसतोय. ह्ये तर डोंगरावानी दिसतंय. कशापायी पायजे?"

"घरच्या कामाला." (आष्टा म्हणजे मंगलचं माहेर. तिथं लग्नाचं नाव काढलं असतं तर मी सांगलीला पोचायच्या आत तिला बातमी पोचली असती!)

"आनि बुड येवढं जाड?"

मग काय, मला वर्गच मिळाला! गुरुत्वमध्य म्हणजे काय, तो खाली का हवा, पाया रुंद असला की वस्तू का कलंडत नाही, सगळं भट्टीसमोर उभं राहून सांगितलं. चाचांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "व्हय. म्हंजी पडाया नको."

"अगदी बरोबर! पडायला नको!"

एकतीस वर्षांत इतका हुशार विद्यार्थी मला मिळाला नव्हता.

पत्रा तापला, लालबुंद झाला, गोल वळला. चाचांच्या हातात ना टेप, ना कंपास. डोळा आणि अंगठा, एवढ्यावर काम! मी म्हणालो, "बुडावर चार घाव मी घालणार. माझ्या घरची वस्तू आहे." पहिला घाव ऐरणीवर बसला आणि माझा हात खांद्यापर्यंत झणझणला. दुसऱ्याला ठिणगी उडून पँटला गुडघ्यावर भोक पडलं. तिसऱ्याला चाचा दोन पावलं मागं सरकले.

"सर, लोखंडावर मारायचं आसतंय. ऐरणीनं काय वाकडं केलंय तुमचं?"

शेवटी त्यांनी जुन्या शेरानं जोंधळा मोजून नव्या मापात ओतला. काठाला काठ! एक दाणा वर नाही, एक खाली नाही. शाळेतलं काचेचं मोजपात्र मी पिशवीत नेलं होतं, ते लाजेनं बाहेरच काढलं नाही. चाचांनी मापाला पायानं ढकलून बघितलं आणि मान हलवली.

"लय भारी झालंय सर. भूकंपात बी पडायचं न्हाई."

हे कौतुक मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो. रिकामं माप साडेचार किलो भरलं!

लग्न साताऱ्याला थाटात झालं. वरात सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या इमारतीखाली आली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. नवरानवरी दारात, त्यांच्यामागं जिना भरून पाहुणे. मंगल आरतीचं ताट घ्यायला वळली, तेवढ्यात मी गुलाबी माप उचलून माझं लोखंडी माप तांदळानं शिगोशीग भरून उंबऱ्यावर ठेवलं. मंगलनं ते बघितलं, पण चारचौघांत काय बोलणार? नुसते डोळे मोठे केले. मला वाटलं, भारावली!

प्राजक्तानं उजव्या पायाचा अंगठा नाजूकपणे मापाला लावला.

माप जागचं हललं नाही.

तिनं पुन्हा लावला. मग जरा जोरात. मग "आई गं!" म्हणून पाय धरला.

"अगं, लाजू नको, ढकल," माझी थोरली बहीण अक्का आतून म्हणाली.

"ढकलतेय आत्या! तेच मला ढकलतंय!"

अमित खाली वाकला, तशी अक्का कडाडली, "हात लावू नकोस! माप नवरीच्याच पायानं पडलं पाहिजे. नाहीतर लक्ष्मी दारातनं परत जाते!"

झालं! 'नवरी दारात अडली' ही बातमी जिन्यानं खाली निघाली. दुसऱ्या मजल्यावर तिचं 'नवरीचा पाय मोडला' झालं. तळमजल्यावर, जिथं लेकीला पोचवायला आलेले सुभेदारसाहेब बँडवाल्यांना थांबवत होते, तिथं पोचेपर्यंत 'सासऱ्यानं नवरीला घरात घेतलं नाही' असं झालं होतं. सुभेदार तीन मजले कसे चढले कोण जाणे, पण चढले ते मिशा ताठ करूनच!

"काय प्रॉब्लेम आहे? आमच्या पोरीचं काय चुकलं?"

"काही नाही हो," मी म्हणालो, "गुरुत्वमध्य खाली आहे."

"कुणाचा?"

त्यांचा आवाज ऐकून माझा स्वतःचाच गुरुत्वमध्य पार तळपायात गेला. प्राजक्ताच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघितलं आणि मग मात्र माझी विज्ञानाची मस्ती उतरली. पोर पहिल्यांदा आपल्या घरात पाऊल टाकतेय आणि आपण दारात धोंड आणून ठेवली! मी स्वयंपाकघरात पळालो आणि चाचांना फोन लावला.

"चाचा, माप पडत नाही हो!"

"मग? तसंच पायजे हुतं की तुमास्नी."

"ते लग्नाचं होतं! सून दारात उभी आहे!"

मग चाचा इतके हसले की त्यांना खोकला लागला. "आवं सर, आदी सांगायचं न्हाई का! आता आसं करा, बुडाखाली उलथन्याचं टोक सारा आनि उचला. कलतं झालं की सूनबाईला म्हना, हान लाथ!"

मी उलथनं घेतलं, दाराशी आलो आणि कुणाला दिसू नये म्हणून उंबऱ्यालगत पालथा पडलो (नवा कोट, फेटा, सगळ्यासकट). हाताला वळसा देऊन उलथनं नवरीच्या बाजूनं बुडाखाली सारलं आणि सगळा जोर लावला. माप बोटभर माझ्याकडं कललं.

"प्राजक्ता, हाण!"

ती पोर शाळेत खो-खोची कप्तान होती, हे मला नंतर कळलं. तिनं शालू सावरला आणि अशी ठेवून दिली की साडेचार किलो लोखंड भेलकांडून माझ्या फेट्यावर आदळलं आणि शेरभर तांदूळ माझ्या कॉलरीतून थेट आत गेले! जिन्यात टाळ्या, खाली बँड सुरू, अक्काच्या डोळ्यांत आनंदाश्रू, सुभेदारसाहेब "शाब्बास बेटा!" म्हणून ओरडताहेत, आणि माझ्याकडं कुणाचंच लक्ष नाही.

मंगल ताट घेऊन पुढं आली. माझ्याकडं एकदा बघून सुनेला म्हणाली, "ये बाळ. थांबू नकोस, मुहूर्त टळेल."

प्राजक्ता पुढं आली. सगळ्यांच्या सुना माप ओलांडून घरात येतात. आमची सून सासरा ओलांडून आली.